राणीछाप रुपयांची माळ

सुरगाणा परिसरातील आदिवासी स्त्रियांच्या जुन्या दागिन्यांत रुपयांची माळ मानाची. ११.६६ ग्रॅमच्या राणीछाप रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असे. १९४० मध्ये रुपयातील हे प्रमाण निम्म्यावर आले. माळेसाठी नाण्याला डाख देऊन कडी बसवतात. त्यामुळे नाणेसंग्राहकाच्या लेखी ते बिघडलेले ठरते, सराफ केवळ वजनाचा भाव देतो आणि नाणे मुशीत जाते. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत नाण्याची एक बाजू घासून प्रियजनांची आद्याक्षरे कोरत. तशी ‘बिघडलेली’ नाणी संग्राहक आज मुद्दाम शोधतात. तेथे आठवण नाण्यावरच कोरलेली असते. सुरगाण्याची माळ कोणी, कोणाला दिली, हे मात्र घरातल्या म्हातारीलाच ठाऊक असते.