लिंक टाक, पैशांचं नंतर बघू

मुंबई-गोवा महामार्गाचं रडगाणं ज्यांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचलंय, त्यांना कासू हे नाव ओळखीचं असतं. रुंदीकरणाचे दोन तुकडे पडले, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. बातम्यांमध्ये गाव येत राहिलं ते या दोन तुकड्यांच्या सांध्यावर. रेल्वेने जाणाऱ्यांना ते पेण आणि नागोठण्याच्या मधलं छोटं स्थानक म्हणून ठाऊक. दिवा-रोहा गाडीला इथे फार गर्दी नसते. मात्र भात कापून झालं, खाचरं सुकली, की पेण, वडखळ, कासू, नागोठणे या पट्ट्यात दुसरीच वर्दळ सुरू होते. बांध सपाट होतात, चुना पडतो, मंडप चढतो आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांचा मोसम लागतो. तो मेअखेरपर्यंत, पहिला पाऊस हाकलून देईपर्यंत चालतो.

संपादकांचा प्रश्न साधा होता. मुंबईतल्या कंपन्या लहान खेळांचे सामने मोबाईलवर पैसे घेऊन दाखवतात. हा धंदा चालतो का? उत्तरासाठी मुंबईतल्या काचेच्या कार्यालयात जाण्यापेक्षा हा पट्टा बरा. इथे दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या चषकाचं ‘लाईव्ह’ चालू असतं आणि त्याला पैसे देऊन बघणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

मंडपाच्या एका कोपऱ्यात समालोचकाच्या टेबलाला लागून लाईव्हवाल्याचं टेबल असतं. दोन कॅमेरे: एक गोलंदाजाच्या मागे बांबूच्या मचाणावर, दुसरा बाजूने. तिथून लांबच लांब केबल लॅपटॉपपर्यंत आलेली. मधे काडेपेटीएवढी कॅप्चर कार्डाची डबी. लॅपटॉपवर ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर, ज्यात दोन्ही कॅमेरे, प्रायोजकांच्या पट्ट्या आणि धावफलक एकत्र केले जातात. धावफलक येतो शेजारच्या पोराच्या मोबाईलमधून. तो अहमदाबादच्या क्रिकहिरोज ॲपवर चेंडूगणिक बोट दाबत असतो आणि आकडे आपोआप चित्रावर उमटतात. वीस वर्षांपूर्वी दूरदर्शनच्या ओबी व्हॅनला जे जमायचं, त्यातलं निम्मं काम या एका टेबलावर होतं. हे बघून थक्क व्हायला होतं, हे कबूल केलं पाहिजे.

खरा हट्टी प्राणी आहे तो नेट. बरं दिसेल असं चित्र यूट्यूबला पाठवायचं तर सेकंदाला 4 मेगाबिट चढते ठेवावे लागतात. म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. रोज 2 जीबी देणारं साधं रिचार्ज यात साधारण 66 मिनिटांत संपतं. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या आठ तासांना 14 जीबीच्या वर लागतात. म्हणून टेबलावर दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डं आणि डोंगल असतात; एकाचा सिग्नल पडला की दुसऱ्यावर उडी. गंमत अशी की उपांत्य सामन्याला गर्दी जमते तेव्हाच सिग्नल बसतो. मैदानातल्या चारशे-पाचशे खिशांतले मोबाईल त्याच टॉवरवर लटकलेले असतात. सामना जितका चांगला, तितकं चित्र अडखळतं. वर चित्र पोचायला पंधरा-वीस सेकंदांचा उशीर असतोच, त्यामुळे गावच्या ग्रुपवर ‘आउट’ आधी येतं आणि दांडी उडताना नंतर दिसते.

दुसरा शत्रू डीजे. षटकार गेला की गाणं वाजलंच पाहिजे, नाहीतर षटकार कसला? यूट्यूबची यंत्रणा ते गाणं ओळखते आणि त्या व्हिडिओवर संगीत कंपनीचा दावा लागतो. दिवसभर उन्हात केबल ओढणाऱ्याची तुटपुंजी जाहिरात-कमाई मग गाण्याच्या मालकाकडे वळते. डीजेवाल्याला हे कितीदा सांगितलं तरी तो हसतो आणि पुढच्या षटकाराला आवाज वाढवतो.

मग लाईव्हवाल्याला पैसे कोण देतं? आयोजक देतात. आयोजकांकडे येतात ते संघांच्या प्रवेश फीतून आणि बॅनरवरच्या चेहऱ्यांकडून. सरपंच, बांधकामवाले, कंपन्यांचे ठेकेदार, वाढदिवस जवळ आलेले पुढारी. मालिकावीराला मोटारसायकल, चषक माणसाच्या कमरेएवढा, आणि थेट प्रक्षेपण ही प्रायोजकाची हौस. पट्टीवर आपलं नाव दिवसभर झळकलं की त्याचं काम झालं. बघणाऱ्याने दमडी द्यावी असं कोणाच्या मनातही येत नाही. “भाऊ, लिंक टाक ना” एवढंच त्याचं योगदान.

यूट्यूबकडून थेट मिळणारी रक्कम चहापाण्याची. आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं गेल्याची अट पार करायची. मग जाहिरातीच्या पैशातला 55 टक्के वाटा चॅनेलचा. सभासद नोंदणी चालू केली तर 70 टक्के हाती येतात, पण सभासद व्हायला तयार कोण?

हाच प्रश्न मुंबईत बसून मोठ्या प्रमाणावर सोडवायला निघालेली कंपनी म्हणजे फॅनकोड. फँटसी खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनच्या ड्रीम स्पोर्ट्स समूहाने 2019 मध्ये ती सुरू केली. टीव्हीवाल्यांनी ज्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते सगळं त्यांनी गोळा केलं: युरोपातल्या क्लबांचं दहा षटकांचं क्रिकेट, परदेशी फुटबॉल लीग, आपल्याकडची महाराष्ट्र प्रीमियर लीगसुद्धा. कल्पना हुशारीची होती. वर्षाचं भलंथोरलं सदस्यत्व गळ्यात मारण्याऐवजी एका सामन्याचा पास विकायचा, एसटीच्या तिकिटासारखा. 2024 मध्ये फॉर्म्युला वन भारतात त्यांच्याकडे आलं तेव्हा एका शर्यतीचा पास 49 रुपयांना मिळत होता. वडापाव आणि चहा दोघांनी घेतला तरी तेवढे होतात.

पण 49 रुपयांचं पुढे काय होतं, हे एकदा पाटीवर मांडून बघावं. 18 टक्के जीएसटी आत धरला तर उरतात साडेएकेचाळीस. ॲप स्टोअरने 15 टक्के घेतले की पस्तीस. आता चित्र पोचवण्याचा खर्च. सेकंदाला 2 मेगाबिटचं साधं चित्र तासाला 0.9 जीबी खातं. अमेझॉनसारख्या क्लाऊड कंपनीचा भारतातला छापील दर जीबीमागे साधारण 9 रुपये. चार तासांच्या सामन्याला 32 रुपये तिथेच गेले. उरलेल्या तीन रुपयांत कॅमेरे, समालोचक, हक्कांची रक्कम आणि कार्यालयाचं भाडं बसवायचं. फॅनकोडसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला हा दर अर्थातच बराच खाली पडत असणार. घाऊक घेणाऱ्याला कोण छापील भावाने देतो? पण पेण-रोह्यातल्या एखाद्या मंडळाने स्वतःचं ॲप काढायचं ठरवलं तर त्याला हाच भाव. सुरुवातीचा मोफत कोटा मिळतो, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघणारे दीडशे जण आले की महिन्याचा कोटा एका दिवसात साफ. त्यानंतर दिवसभर टिकून राहणारा प्रेक्षक 65 रुपयांचा डेटा जाळतो. म्हणजे जो सर्वांत निष्ठावान, तोच सर्वांत महाग. दुकानदारीत असा उफराटा हिशेब क्वचित सापडेल.

यूट्यूब हा खर्च स्वतः उचलतं, म्हणून सगळे तिथे. आणि यूट्यूब फुकट आहे, म्हणून कोणी पैसे देत नाही.

तरीही आडगावच्या, नाव न ऐकलेल्या खेळासाठी खिशात हात घालणारा एक प्रेक्षक जगभर आहे. त्याची ओळख जुलै 2022 मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूरने करून दिली. तिथे शेतात खेळपट्टी आखली, मजुरांना रंगीत जर्सी चढवल्या, गर्दीचा आवाज इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि आयपीएल असल्याच्या थाटात यूट्यूबवर सामने दाखवले. पैज लावत होते रशियातले लोक. पंच इशारा मिळेल तसे चौकार आणि बळी ठरवायचे. पोलीस पोचेपर्यंत स्पर्धा बाद फेरीत गेली होती. त्याआधी 2020 मध्ये पंजाबातल्या सवारा गावी असाच एक सामना श्रीलंकेतली लीग म्हणून खपवला गेला होता. हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. ज्याचे पैसे अडकलेत तोच अनोळखी सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघतो, हे या ठगांनी अनेक व्यवस्थापकांच्या आधी ओळखलं होतं.

फँटसी खेळ आणि सट्टा एक नव्हेत. कायद्याने बराच काळ दोहोंत फरक मानला होता. पण प्रेक्षकाच्या मनाचा कल तोच. स्वतःचा संघ लावलेला माणूस मंगळवारी दुपारी युरोपातल्या कुठल्याशा क्लबचा सामनाही डोळे लावून बघतो. ड्रीम इलेव्हन आणि फॅनकोड एकाच छपराखाली असण्यात हा व्यवहार होताच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. व्यसनात बुडालेल्या घरांचा विचार केला तर कायद्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण छोट्या खेळांच्या प्रक्षेपणाला आडून मिळणारा मोठा आधार त्या दिवशी सुटला, हेही तितकंच खरं.

मोठ्यांनाही हे गणित सुटलेलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये डिस्ने हॉटस्टारचे 6 कोटींच्या वर वर्गणीदार होते. आयपीएलचे डिजिटल हक्क हातचे गेले, जिओसिनेमाने 2023 ची आयपीएल चक्क फुकट दाखवली आणि वर्षभरात हॉटस्टारचा आकडा 4 कोटींच्या खाली आला. ब्रिटनमध्ये इलेव्हन स्पोर्ट्सने 2018 मध्ये स्पेन आणि इटलीच्या फुटबॉल लीग वर्गणीवर दाखवायला घेतल्या; ग्राहक जमेनात म्हणून काही महिन्यांतच हात टेकले. जगातला सर्वांत लोकप्रिय खेळ, तरी ही गत.

आपल्या मातीतल्या खेळांचं तर विचारूच नका. रायगडात कबड्डीला क्रिकेटच्या बरोबरीने जीव लावणारी गावं आहेत. प्रो कबड्डी 2014 मध्ये आली आणि मॅटवरचे खेळाडू घराघरांत पोचले. तिच्या 2021 ते 2025 या पाच वर्षांच्या हक्कांना स्टारने 908 कोटी मोजले. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांना 48,390 कोटी आले. शिवाय तेव्हा कबड्डी दाखवणारा आणि लीगचा मोठा मालक एकच होता, स्टार. बाजारात दुसरा बोलीवालाच नसेल तर भाव कसा फुटणार? अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम 2022 मध्ये बालेवाडीत रंगला, दुसरा कटकला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. बक्षिसं जाहीर झाली, फोटो निघाले. पण खो-खोचा जिल्हा सामना बघायला कोणी पास काढला असं अजून ऐकिवात नाही.

टेनिस बॉलची गोष्ट थोडी पुढे सरकली ती मार्च 2024 मध्ये. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली, संघांच्या मालकांत अमिताभ बच्चन आणि अक्षय कुमार, सामने सोनीवर. गल्लीतल्या पोरांना लिलावात बोली लागली, हे चांगलंच झालं. मात्र तिथेही प्रेक्षक सामन्याचं तिकीट काढून आला नाही. तो वाहिनीच्या पॅकेजमध्ये आला. आणि त्या लीगचं चकाकतं चित्र बघितल्यावर गावच्या लाईव्हकडून अपेक्षा वाढल्या. आता पोरं रिप्ले मागतात, ड्रोन मागतात. आयोजक तेवढ्याच पैशांत दोन कॅमेरे जादा मागतात. एखाद्या वर्षी निवडणूक नसली, बॅनरवाले आटले, की आधी कात्री लागते ती लाईव्हला, डीजेला नाही.

प्रेक्षकाने पैसे द्यावेत अशी जागा या पट्ट्यात असलीच तर ती एकच दिसते: गाव सोडून गेलेला माणूस. बोटीवर चढलेला खलाशी, आखातात नोकरीला असलेला, डोंबिवली-ऐरोलीत फ्लॅट घेतलेला. त्याला क्रिकेट बघायचं नसतं. आपल्या आळीचा संघ, आपला पुतण्या आणि ओळखीच्या आवाजातलं समालोचन त्याला हवं असतं. हे त्याला कुठलीच वाहिनी देऊ शकत नाही. त्याच्याकडून सामन्याचा पास मागणं चूक आहे. मंडळाने मोसमाची शंभर रुपये वर्गणी मागावी, गणपतीची मागतात तशी, आणि बदल्यात त्याला सामन्यांची नीट कापलेली चित्रफीत, पोराच्या षटकारांची क्लिप आणि पट्टीवर नाव द्यावं. असे तीनशे जण मिळाले तर तीस हजार होतात. त्यात कोणी श्रीमंत होणार नाही, पण डेटा, डिझेल आणि धावफलकावर बोट दाबणाऱ्या पोराची मजुरी पुढाऱ्याच्या वाढदिवसावर अवलंबून राहणार नाही.

यासाठी एक काम आयोजकांनी आधी करायला हवं. स्पर्धेच्या पत्रकात नियम छापतात, नो-बॉलचा वाद कोण सोडवणार ते छापतात, तसं चित्रीकरण कोणाच्या मालकीचं हेही छापा. आज ते लाईव्हवाल्याच्या चॅनेलवर पडून असतं. चॅनेल बंद झालं की गावाच्या दहा वर्षांच्या स्पर्धा पुसल्या जातात.

राहिला प्रश्न वाचकाचा. या मोसमात कोणी ग्रुपवर लिंक टाकली आणि चित्राच्या कोपऱ्यात क्यूआर कोड दिसला, तर वीस रुपये पाठवून द्या. आणि जमलं तर डीजेवाल्याला फोन करून गाणं बंद करायला सांगा.