जिन-टॉनिक: औषध किती, जाहिरात किती?

परवा आमच्या जबलपुरात, बड्या फुहाऱ्याजवळच्या एका दुकानात मी टॉनिक वॉटरची बाटली घेतली. दुकानदार नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली माझी पाचशेची नोट धरत होता. मी म्हटलं, "भैया, जरा ये बोतल भी दिखाइए." बाटली दिव्याखाली धरताच आतलं पाणी निळं चमकलं. दुकानातला पोरगा बघतच राहिला.

ही चमक क्विनीनची. सिंकोना झाडाच्या सालीतलं हे कडू द्रव्य एके काळी हिवतापावरचं मुख्य औषध होतं. टॉनिक वॉटरला कडवटपणा येतो तो त्याचाच.

मेसमध्ये मी पहिल्यांदा जिन-टॉनिक घेतलं, तेव्हा एका वरिष्ठांनी गोष्ट सांगितली. कडू क्विनीन घशाखाली उतरावं म्हणून गोऱ्या साहेबांनी त्यात जिन घातली, आणि हिवताप पळाला. पुढे ही गोष्ट मीही रंगवून सांगू लागलो. ईशान्येकडे असताना माझ्या हाताखालच्या एका तरुण अधिकाऱ्याने ती खरी मानली. आठवड्याची क्लोरोक्विनची गोळी तो चुकवायचा. "सर, आपलं टॉनिक चालू आहे ना!" तो हसायचा, मीही हसायचो. एके दिवशी ताप चढला, तो बरळू लागला, हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. पोरगा वाचला. पण माझं ते हसणं मला अजून टोचतं.

नंतर मी हिशेब मांडला. हिवतापाच्या रुग्णाला क्विनीन द्यायचं तर मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम लागतं, तेही सात दिवस. अमेरिकेच्या नियमानुसार टॉनिकमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालतं. म्हणजे रोज एकवीस लिटरहून जास्त टॉनिक प्यावं लागेल!

मग ही गोष्ट एवढी रुजली कशी? सैन्यात क्विनीन वापरत होते, हे खरंच. १८५८ साली लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी टॉनिक पाण्याचं पेटंट घेतलं. १८७० च्या दशकात श्वेप्सने आपल्या क्विनीन टॉनिकला 'इंडियन' हे नाव जोडलं. हिंदुस्थान, ताप, साहेब, सगळं त्या एका शब्दात आलं. पण जिन-टॉनिकचा एक अगदी जुना छापील उल्लेख १८६८ च्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मध्ये आहे, आणि तो घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात. दवाखान्यात नव्हे, मौजमजेत!

पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत जाहिराततज्ज्ञ डेव्हिड ओगिल्व्ही यांनी श्वेप्सच्या जाहिरातींत दाढीवाले कमांडर एडवर्ड व्हाइटहेड यांनाच उभं केलं. नौदलातला खरा अधिकारी, वर कंपनीचाच माणूस. बाटलीबरोबर साहेबी रुबाबही विकला गेला. वर्दीवर लोकांचा विश्वास लवकर बसतो. माझ्या त्या पोराचाही माझ्यावर असाच बसला होता.

आता हे पेय आपल्याकडे नव्याने घडतंय. २०१७ मध्ये नाओ स्पिरिट्सने 'ग्रेटर दॅन' ही जिन गोव्यात काढली. पाठोपाठ त्यांचीच 'हापुसा' आली, हिमालयातल्या जुनिपरची. जुनिपर म्हणजे आपलं हाऊबेर, संस्कृतात हपुषा. जिनचा मूळ सुगंध त्याचाच. २०१८ मध्ये गोव्याचीच 'स्ट्रेंजर अँड सन्स' आली. मुंबईच्या स्वामी कंपनीने टॉनिक वॉटर काढलं. या मंडळींकडे विकायला चव आहे, हे मला आवडतं.

माझी घरची रीत सोपी आहे. ग्लासभर बर्फ, एक भाग जिन, तीन भाग थंडगार टॉनिक, नागपुरी संत्र्याच्या सालीची पट्टी आणि दोन ठेचलेले काळे मिरे. साल ग्लासवर पिळली की तिचं तेल वर तरंगतं आणि वास आधी नाकाला लागतो. जे पीत नाहीत त्यांनी जिन वगळून लिंबू पिळावं. कडू-आंबट सरबत छान लागतं. गरोदर बायकांनी मात्र टॉनिक टाळावं, आणि ज्यांना क्विनीन सोसत नाही किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

राहिला हिवताप. त्यासाठी मच्छरदाणी, साठलेलं पाणी ओतून टाकणं, आणि थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. संध्याकाळचा ग्लास चवीसाठी घ्या. गोळीची जागा त्याला देऊ नका. जय हिंद.