कामाचं इंग्रजी (भाग ७) : ‘इट’ म्हणजे नेमकं कोण?

ताथवड्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं चाकण-भोसरीच्या कारखान्यांत लागली, की लगेच इंग्रजीत रिपोर्ट लिहायला बसतात. काळ चुकला तर वाचणारा समजून घेतो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. सर्वनाम चुकलं तर चूक दिसतच नाही. वाक्य शुद्ध असतं, अर्थ तेवढा भलत्याच यंत्राचा निघतो. मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. त्यांची मराठी पक्की असते, म्हणून होतं.

कारखान्याच्या मराठीत मोटर ‘ती’, पंप ‘तो’ आणि बेअरिंग ‘ते’. ‘मोटर पंपाला जोडली आणि दहा मिनिटांत तो थरथरायला लागला’ म्हटलं की बोट पंपाकडेच जातं. घाईत ‘तो’ गाळला तरी ‘लागला’ हे क्रियापद साक्ष द्यायला असतंच. इंग्रजीत हेच ‘द मोटर वॉज कपल्ड टु द पंप, अँड इन टेन मिनिट्स इट स्टार्टेड व्हायब्रेटिंग’ असं उतरतं आणि तिन्ही लिंगं एका ‘इट’मध्ये बुडतात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पंप पक्का बसलेला, त्यामुळे त्याला काहीच खटकत नाही. वाचणारा मात्र सहसा वाक्याचा कर्ता धरतो आणि मोटर उघडायला घेतो. माणसांच्या बाबतीतही तेच. ‘सुपरवायझरने ऑपरेटरला आपली नोंदवही दाखवली’ आणि ‘त्याची नोंदवही दाखवली’ यांत वही कोणाची ते आपल्याला कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’.

मग खुद्द इंग्रजांचं कसं भागतं, असा प्रश्न येईल. फार सुखानं भागत नाही. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत ‘ही’ म्हणजे पुरुष किंवा स्त्री, एवढंच सांगायला आठवं कलम खर्ची पडलं. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत त्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्तींचीही भर पडली. कायद्याचा मसुदा लिहिणारा सर्वनामावर सहसा विसंबत नाही, नामच पुन्हा लिहितो. रिपोर्टातही तेच करावं: ‘इट’च्या जागी ‘द पंप’. शब्द पुन्हा आला की भाषा कंटाळवाणी होते, हे शाळेतल्या निबंधापुरतं खरं आहे. रात्रपाळीचा फिटर रिपोर्ट वाचतो तो पाना कुठे लावायचा हे कळावं म्हणून. शैलीचे मार्क द्यायला कोणी बसलेलं नसतं. ‘संदर्भावरून कळतंच की’ हा दुसरा आक्षेप. कळतं, पण बिघाड होताना जो तिथे उभा होता त्याला. तो संदर्भ पाळी संपल्यावर त्याच्याबरोबर बसमध्ये बसून घरी जातो.

सगळ्यात महाग पडतं ते ‘वी’. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की तो आत. सुटे भाग पुरवणारा मेलमध्ये ‘वी विल बेअर द कॉस्ट ऑफ रिवर्क’ असं लिहितो, तेव्हा त्याच्या मनात ‘आपण’ असतं, म्हणजे निम्मा निम्मा खर्च. ग्राहक कंपनी ते ‘आम्ही’ असं वाचते आणि सगळं बिल त्याच्या नावावर टाकते. व्याकरण दोघांचंही बरोबर असतं. ‘बोथ कंपनीज’ एवढे दोनच शब्द लिहायचे राहिलेले असतात.