चक्रीवादळ : घरगुती पूर्वतयारी

चक्रीवादळापूर्वी, ते चालू असताना आणि त्यानंतर वीजपुरवठा बंद राहिल्याच्या काळात कुटुंबाच्या जीविताचे, आरोग्याचे व चीजवस्तूंचे रक्षण व्हावे म्हणून घरात करावयाची व्यवस्था. या व्यवस्थेचे दोन भाग पडतात. वारा व पाऊस यांना तोंड देणे हा पहिला, तर विजेवाचून दिवस काढणे हा दुसरा. पहिल्याची मुदत काही तासांची असते. दुसऱ्याची काही दिवसांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत असू शकते. सर्वसामान्यतः लोकांचे लक्ष पहिल्या भागाकडे अधिक असते. प्रत्यक्षात वादळाची झळ दीर्घकाळ लागते ती दुसऱ्या भागात. म्हणून तयारीचे मोजमाप वाऱ्याच्या वेगाइतकेच त्यानंतर येणाऱ्या अंधाराच्या लांबीवरूनही केले पाहिजे. प्रस्तुत नोंदीत कोकण किनाऱ्याच्या अनुभवाच्या आधारे या विषयाचा विचार केला आहे.

कोकणातील वादळे : अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या मानाने चक्रीवादळे कमी निर्माण होतात आणि त्यांपैकी पुष्कळशी ओमान, येमेन किंवा गुजरात यांच्या दिशेने जातात. त्यामुळे कोकणातील घरबांधणी व दिनक्रम यांत मुसळधार पावसाचा विचार जितका आढळतो, तितका प्रचंड वाऱ्याचा आढळत नाही. वादळांचे दोन हंगाम असतात : मोसमी पावसापूर्वीचा (एप्रिल ते जून) व त्यानंतरचा (ऑक्टोबर ते डिसेंबर). ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली इ. तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा मोडून पडल्या, घरांची छपरे उडाली व विजेचे हजारो खांब कोसळले. पुढील वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ वादळाने गोवा, सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील किनाऱ्यालगतच्या समुद्रातून प्रवास केला आणि १७ मे २०२१ रोजी रात्री ते सौराष्ट्रात दीवजवळ जमिनीवर चढले. कोकणात ते प्रत्यक्ष जमिनीवर आले नाही, तरीही तेथे व गोव्यात वृक्ष व वीजवाहिन्या यांची मोठी हानी झाली. वादळाचा केंद्रबिंदू दूर असला, तरी घर सुरक्षित असेलच असे नाही, हा त्याचा बोध होय.

इशारे : भारतीय हवामान विभाग (स्थापना १८७५) वादळाचे इशारे चार टप्प्यांत देतो. किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या सु. ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सावधगिरीची सूचना, किमान २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा आणि किमान १२ तास आधी, वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज, असा हा क्रम आहे. शेवटच्या तीन टप्प्यांस अनुक्रमे पिवळा, नारिंगी व लाल हे रंग दिलेले आहेत. घरातील कामांची वाटणीही याच क्रमाने करता येते. पिवळ्या इशाऱ्याबरोबर छपराची डागडुजी, औषधे, रोख रक्कम व इंधन ही कामे उरकावीत. नारिंगी इशाऱ्यानंतर पाणी भरून ठेवावे, विद्युत् घट पूर्ण प्रभारित करावेत व अंगणातील सुटे सामान आत घ्यावे. लाल इशाऱ्यानंतर छपरावर किंवा झाडावर चढण्याचे कोणतेही काम करू नये. कच्च्या घरात, उधाणाचे पाणी येऊ शकेल अशा सखल जागी किंवा मोठ्या झाडाखाली राहणाऱ्यांनी वारा वाढण्यापूर्वीच शाळा, समाजमंदिर यांसारख्या पक्क्या इमारतीत जावे.

छप्पर व परिसर : वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किमी.ऐवजी १२० किमी. वेगाचा वारा वाहू लागल्यास दाब दुप्पट न होता चौपट होतो. छपरावरून जाणारा वारा त्यास दाबण्यापेक्षा वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे व आढे यांपाशी सर्वांत जास्त असते. पडवीचे पत्रे प्रथम उडतात ते याच कारणाने. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडले गेल्यास आत शिरलेली हवा छपरास खालून ढकलते. म्हणून दारे-खिडक्यांच्या कड्या व बिजागऱ्या बळकट असणे हे छपराच्याही रक्षणास आवश्यक ठरते. पत्रे केवळ खिळ्यांनी न ठोकता आकड्यांनी वाशांना आवळावेत व कडेच्या ओळींत आकडे अधिक जवळ ठेवावेत. वासे भिंतीस लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत. कौलारू छपराच्या कडेची व आढ्यावरील कौले चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवावीत. खिडकीच्या काचेवर चिकटपट्टी लावल्याने काच फुटणे टळत नाही. बाहेरून फळी ठोकणे हाच खरा उपाय होय. घरालगतच्या नारळाच्या सुकलेल्या झावळ्या व नारळ आधीच उतरवावेत आणि वाळलेल्या किंवा किडलेल्या फांद्या तोडाव्यात.

वादळ चालू असताना : घराचा मुख्य वीजकळ व स्वयंपाकाच्या गॅसचा नियंत्रक बंद करावा. खिडक्यांपासून दूर, शक्यतो मधल्या व पक्क्या छताच्या खोलीत सर्वांनी एकत्र बसावे. गुरांची दावी सोडून ठेवावीत. वादळाचा मध्यभाग म्हणजे डोळा गावावरून जात असल्यास वारा एकाएकी पडतो व आकाशही काहीसे उघडते. ही शांतता अल्पकाळची असते. त्यानंतर वारा उलट दिशेने तितक्याच जोराने वाहू लागतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडे व भिंती या दुसऱ्या वाऱ्याने पडतात. अशा वेळी नुकसान पाहण्यास बाहेर पडणे प्राणघातक ठरू शकते.

वीज बंद राहण्याची कारणे : वाहिन्यांवर झाडे पडणे, खांब वाकणे वा उपटले जाणे व रोहित्रांत बिघाड होणे ही मुख्य कारणे होत. कोकणात वाहिन्या बागांतून व डोंगरउतारांवरून गेलेल्या असल्याने प्रथम रस्ते मोकळे करावे लागतात, मग झाडे तोडून खांब उभे करावे लागतात. दुरुस्तीचा क्रम सामान्यतः उच्चदाब वाहिन्या व उपकेंद्रे, त्यानंतर रुग्णालये व पाणीपुरवठा योजना, नंतर गावांच्या वाहिन्या आणि शेवटी घरांच्या जोडण्या असा असतो. त्यामुळे वाडीच्या टोकाच्या घरास सर्वांत अधिक काळ थांबावे लागते. ‘निसर्ग’नंतर अनेक गावांत हा काळ कित्येक आठवड्यांचा झाला. विजेबरोबर भ्रमणध्वनीचे मनोरे, बँकांची पैसे देणारी यंत्रे, पेट्रोल पंप व पिठाच्या गिरण्याही बंद पडतात. म्हणून लहान रकमेच्या नोटा, दळलेले पीठ, घटावर चालणारा रेडिओ आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद यांची आगाऊ तरतूद करावी.

पाणी : विजेच्या अभावी सर्वांत आधी तुटवडा भासतो तो पाण्याचा. पुष्कळ घरी विहिरीवर पंप बसला, तेव्हा रहाट, दोर व पोहरा दृष्टीआड झाले. परिणामी विहिरीत भरपूर पाणी असूनही ते वर काढता येत नाही, अशी स्थिती उद्भवते. पंप ठेवूनही रहाट कायम राखणे, हा या पूर्वतयारीतील बहुधा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त उपाय होय. दर माणशी दर दिवशी किमान १५ लिटर पाणी लागते असे मानल्यास पाच जणांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी २२५ लिटर साठा हवा. त्यांपैकी पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी झाकणाच्या वेगळ्या भांड्यांत ठेवावे. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा व गढूळ पाणी जाते. असे पाणी गाळून, खळखळून उकळून प्यावे. मोठ्या साठ्यासाठी दर १,००० लिटरना चांगल्या प्रतीची सु. २·५ ग्रॅ. विरंजक चूर्ण वापरून एक तासानंतर पाणी उपयोगात आणावे.

अन्न व औषधे : वीज गेल्यावर शीतकपाट उघडले नाही, तर त्यातील अन्न सु. चार तास सुरक्षित राहते. त्यानंतर दूध, मासे, मांस व शिजविलेले पदार्थ वापरू नयेत. पोहे, कुरमुरे, गूळ, शेंगदाणे, भाजलेली पिठे असे न शिजविता खाण्याजोगे पदार्थ आठवडाभर पुरतील इतके असावेत. नेहमीची औषधे किमान पंधरा दिवसांची असावीत. मधुमेही रुग्णाच्या इन्शुलिनची कुपी घट्ट झाकलेल्या डब्यात घालून तो पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवल्यास ती काही काळ थंड राखता येते. श्वसनासाठी विद्युत् उपकरणावर अवलंबून असलेल्या रुग्णास वादळापूर्वीच जनित्र असलेल्या रुग्णालयात हलविणे इष्ट होय.

प्रकाश व विद्युत् घट : घरगुती इन्व्हर्टरचा उपयोग काटकसरीने केल्यास फार वाढतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या घटात १,८०० वॉट-तास ऊर्जा असते, त्यांपैकी सु. १,२०० प्रत्यक्ष वापरता येते असे धरू. ७५ वॉटचे दोन पंखे व ९ वॉटचे तीन दिवे लावल्यास ती सात तासांच्या आतच संपते. केवळ एक दिवा रोज चार तास लावल्यास ती हिशेबाने महिनाभर पुरावी. परंतु इन्व्हर्टर चालू असताना स्वतःही ऊर्जा खातो, त्यामुळे काम नसताना तो बंद ठेवावा. सौर कंदील व विजेऱ्या हे अधिक सुटसुटीत साधन आहे. मेणबत्त्या व रॉकेलचे दिवे वाऱ्यात आगीस कारण होतात.

वादळानंतरचे धोके : वादळ सरल्यानंतरही अपघात घडतात. पडलेली तार निर्जीव आहे असे कधीही समजू नये. तिच्यापासून किमान १० मी. दूर राहून वीज कार्यालयास कळवावे. जनित्र किंवा कोळशाची शेगडी बंद जागेत चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू साचतो व झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. जनित्र घराच्या वायरिंगला थेट जोडल्यास त्याची वीज उलट वाहून बाहेरच्या वाहिनीत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा बळी घेऊ शकते. म्हणून दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा बदलकळ बसविणे आवश्यक असते. ओल्या छपरावर घाईने चढणे, मोडक्या लाकडांखालील साप आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांविषयीही सावध राहावे.

परंपरा व आजची गरज : कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करण्याची रीत जुनी आहे. तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, पापड, सरपण यांचा साठा करणे, कौले परतून घेणे आणि पडवीस झडपे लावणे ही कामे मे महिन्यात होत. गोव्यातही याच स्वरूपाची पुरुमेंताची प्रथा आहे. वाटा व बाजार बंद होतील हे गृहीत धरून ही व्यवस्था केलेली असे. आजचे घर वाटांपेक्षा तारांवर अधिक अवलंबून आहे. त्यामुळे बेगमीच्या जुन्या यादीत पाणी, प्रकाश, औषधे व संपर्क यांची भर पडणे क्रमप्राप्त आहे. तसेच बेगमीची वेळही बदलली पाहिजे. ‘तौक्ते’ मेच्या मध्यास व ‘निसर्ग’ जूनच्या प्रारंभी आले. म्हणून छपराची कामे एप्रिलअखेर पुरी करणे आणि दिवाळीपूर्वी तयारीची पुन्हा एकदा तपासणी करणे उचित ठरते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी हे काम शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे लागते. अनेक कोकणी वाड्यांत तरुण माणसे मुंबईस असतात. तेथे कोणाच्या घरी कोणी जावयाचे हे वादळापूर्वी ठरलेले असणे, हाही पूर्वतयारीचाच एक भाग होय.