महानगरातील ससाणे

वन्य पक्ष्यांनी अरण्यात राहावे आणि माणसाने शहरात, अशी एक सोयीची वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. पक्ष्यांना ती मान्य असतेच असे नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या ८४३ एकरांच्या उद्यानात १९९१ साली आलेल्या लाल शेपटीच्या एका ससाण्याने ही वाटणी पार मोडीत काढली. त्याच्या फिकट पिसांमुळे निरीक्षक त्याला ‘पेल मेल’, म्हणजे फिकट रंगाचा नर, म्हणू लागले. या जातीचे ससाणे एरवी उंच वृक्षांवर किंवा कड्यांवर घरटी बांधतात. पेल मेलने मात्र उद्यानासमोरील फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका श्रीमंत इमारतीच्या बाराव्या मजल्यावरील खिडकीचा कंगोरा पसंत केला. कबुतरांनी बसू नये म्हणून तेथे बसवलेल्या अणकुचीदार काट्यांनीच घरट्याच्या काटक्यांना आधार दिला. १९९५ साली तेथे पहिली पिल्ले अंड्यांतून बाहेर आली.

उद्यानातील तळ्याकाठच्या बाकांवर दुर्बिणी घेऊन बसणाऱ्यांची गर्दी तेव्हापासून वाढत गेली. हे दृश्य खिळवून ठेवणारे होते यात शंका नाही. नर व मादी दोघेही अंडी उबवतात; सुमारे महिनाभराने पिल्ले बाहेर येतात आणि आणखी सहा आठवड्यांनी पहिली झेप घेतात. परंतु खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. उडता येणे निराळे आणि शिकार करता येणे निराळे. झाडाच्या शेंड्यावर बसून पिल्लू सतत आक्रोश करते. आईबाप भक्ष्य घेऊन येताना दिसले की त्यांचा पिच्छा पुरवते. मधल्या वेळात ते खारींवर निष्फळ झडपा घालते, वाळक्या काटक्यांवर नखे रोवून पाहते. आईबापांकडून मिळणारे आयते अन्न हळूहळू कमी होत जाते आणि भूक हीच त्याची गुरू होते. उन्हाळा सरता सरता ही पिल्ले पांगतात. त्यांतील बहुतेक वर्षभरही जगत नाहीत, हा निसर्गाचा कठोर हिशेब आहे.

या हिशेबात माणसाने आपल्या बाजूने किती भर घालावी, हा खरा प्रश्न आहे. ७ डिसेंबर २००४ रोजी त्या इमारतीच्या चालकांनी घरटे काट्यांसकट काढून टाकले. खाली पडणारी घाण आणि काटक्या यांचा रहिवाशांना व वाटसरूंना उपद्रव होत असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. कायद्याचाही अडसर नव्हता. स्थलांतरी पक्ष्यांना संरक्षण देणारा १९१८ चा कायदा अंडी वा पिल्ले नसलेल्या घरट्याला लागू होत नाही, असा खुलासा सरकारनेच २००३ साली केला होता. लोकांना मात्र हा युक्तिवाद पटला नाही. वर्षानुवर्षे ज्या घरट्याची डागडुजी होते ते हिवाळ्यात रिकामे दिसले तरी बेवारस नसते. ऐन थंडीत लोक फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्याच इमारतीत राहणाऱ्या अभिनेत्री मेरी टायलर मूर यांनीही निषेधात भाग घेतला. महिना संपण्यापूर्वी काटे परत बसवावे लागले, घरट्यासाठी पोलादी चौकटही उभारली गेली. ससाणे परतले, परंतु त्या घरट्यात पुन्हा पिल्ले दिसण्यास २०११ साल उजाडले. मोडलेली वस्तू पूर्ववत करणे सोपे असते, मोडलेला क्रम पूर्ववत करणे नव्हे.

घरट्याहूनही बिकट प्रश्न विषाचा आहे. उंदरांसाठी ठेवली जाणारी, रक्त गोठू न देणारी विषे उंदराला तत्काळ मारीत नाहीत. काही दिवस तो मंदावलेल्या अवस्थेत फिरत राहतो आणि शिकारी पक्ष्याच्या सहज तावडीत सापडतो. २०१२ साली पेल मेलची मादी उद्यानात मृत आढळली, तेव्हा तिच्या शरीरात अशी विषे सापडली. २०२४ च्या फेब्रुवारीत इमारतीवर आदळून मेलेल्या ‘फ्लाको’ या घुबडाच्या शरीरातही ती होती. त्यानंतर त्याच वर्षी उंदरांवर विषाऐवजी संततिप्रतिबंधक औषध वापरून पाहण्याचा कायदा न्यूयॉर्कने केला. घरट्यासाठी निदर्शने करणे जितके सोपे, तितके आपल्या तळघरातील विष उचलणे सोपे नसते. शहराच्या पक्षिप्रेमाची कसोटी तेथेच लागते. जो पक्षी फुकटात उंदीर मारतो त्यालाच उंदरांच्या विषाने मारावे, यात शहाणपण कोणते?

मे २०२३ मध्ये मरण पावलेला एक ससाणा पेल मेलच होता, असे सांगितले गेले. अनेकांना ते पटले नाही. त्याच्या पायात ओळखीचे कडे कधीच नव्हते, त्यामुळे निर्णायक पुरावा कोणापाशी नाही. यात हळहळण्यासारखे काही नाही. तीस वर्षे हजारो डोळ्यांसमोर राहूनही तो कोणाच्या मालकीचा झाला नाही. महानगराने वन्य जिवाला द्यावयाचे ते एवढेच: थोडी जागा, निर्विष अन्न आणि दुरूनच पाहण्याचा संयम.