उन्हाळ्यांत चिनी काष्ठौषधी कशा राखाव्या

चोपचिनी व रेवाचिनी हीं नांवें आपल्या वाचकांस अपरिचित नाहींत. दोहोंच्या नांवांतच त्यांचें मूळ ठिकाण सांगितलेलें आहे. गोव्यांत 1563 सालीं गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें औषधी द्रव्यांवर ग्रंथ छापविला, त्यांत चोपचिनीचें स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे हें चिनी मूळ आपल्या किनाऱ्यास येऊं लागल्यास साडेचारशें वर्षें होऊन गेलीं. (आजकाल रेवाचिनी म्हणून दुकानीं मिळते ती बहुधा हिमालयांतील जातीची असते, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.)

कचेरींतून मोकळा झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यांत हीं दोन्ही मुळें व थोडा ज्येष्ठमध मीं पत्र्याच्या डब्यांत घालून पत्र्याच्याच छपराखालच्या माळ्यावर ठेविलीं. सारा जन्म दप्तर जपण्यांत गेलेला. कागदाला कधीं वाळवी लागूं दिली नाहीं, तेथें चार मुळांची काय कथा, असा माझा समज. आषाढांत डबा उघडला तों चोपचिनीचा भुगा, त्यांत बारीक तांबूस किडे, आणि ज्येष्ठमधावर हिरवट बुरशी! घरांतील मंडळींनीं ती बुरशी फडक्यानें पुसली, ज्येष्ठमध दोन दिवस उन्हांत घातला व पुन्हां डब्यांत भरला. मीं तो उकिरड्यावर नेऊन टाकला, त्यावरून घरांत कांहीं दिवस अबोला होता. तो कां टाकला हें सांगण्यासाठींच हा लेख.

पुसली म्हणजे बुरशी गेली, ही समजूतच घातक आहे. बुरशीच्या कांहीं जाती अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करितात. 1960 सालीं इंग्लंडांत भुईमुगाची पेंड खाऊन लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्यावरून त्याचा शोध लागला. 1974 सालीं राजस्थान व गुजराथेंतील खेड्यांत पावसानें भिजून बुरसलेला मका खाण्यांत येऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. हें विष यकृतावर चालतें, डोळ्यांस दिसत नाहीं, आणि काढा कितीही उकळला तरी बहुतांशीं तसेंच राहतें. चीनच्या 2020 सालच्या अधिकृत औषधिकोशानें सुपारी, नारिंगाची वाळलेली साल, कसईचें बी इत्यादि औषधांत त्याच्या मुख्य प्रकाराचें प्रमाण किलोमागें 5 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें असें ठरविलें आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा अंश. इतक्या सूक्ष्म विषापुढें फडक्याचा काय पाड?

चीन देशांत यांगत्से नदीच्या खोऱ्यांत जून-जुलै महिन्यांत झिमझिम पाऊस लागतो. त्या सुमारास आलुबुखाऱ्याच्या वर्गांतील एक फळ पिकतें, म्हणून त्या पावसास त्या फळाचें नांव आहे. परंतु त्याच उच्चाराचा बुरशी या अर्थाचाही शब्द असल्यामुळें तो 'बुरशीचा पाऊस' असाही लिहितात. नुसत्या कोरड्या उष्म्यानें सुवास उडतो व तेलकट मुळें खवट होतात. परंतु उष्मा व ओल यांची गांठ पडली कीं घात झालाच.

यावर तेथील जुन्या औषधविक्रेत्यांचा मुख्य उपाय चुन्याचा. रांजणाच्या तळाशीं कळीचा चुना घालावयाचा व त्यावर कागदांत गुंडाळलेलीं जिनसेंगसारखीं मोलाचीं मुळें ठेवावयाचीं. चुना ओल शोषून फुगतो, यास्तव रांजणांत तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावा व औषधास त्याचा स्पर्श होऊं नये. त्यावर पाणी पडल्यास तो भयंकर तापतो व उसळतो. लेंकरें असलेल्या घरीं या उपायाच्या वाटेस जाऊं नये. दुसरी युक्ति मौजेची आहे. मुतान नांवाच्या झुडपाच्या सालीचा रंग बिघडतो, व त्झेश्ये नांवाच्या पाणवनस्पतीच्या कंदास कीड लागते. दोन्ही एकत्र ठेविलीं असतां सालीचा रंग टिकतो व कंद किडत नाहीं, असा त्यांचा अनुभव. आपण धान्यांत कडुनिंबाचा पाला घालतों त्यांतलाच हा प्रकार. गंधकाची धुरी देण्याची चालही जुनीच. परंतु बहुतेक औषधांत सल्फर डायॉक्साइडचें प्रमाण किलोमागें 150 मिलिग्रॅमच्या आंत असावें, असा तेथें आतां निर्बंध आहे. फार पांढरेंशुभ्र दिसणारें मूळ मीं तरी घेत नाहीं.

दक्षिण चीनमधील शिन्हुई येथील नारिंगाची साल निदान 3 वर्षें मुरल्यावांचून औषधी समजत नाहींत. पण मुरविणें म्हणजे विसरणें नव्हे. कोरडे दिवस पाहून ती बाहेर काढून उन्हें देतात व पुन्हां भरतात.

आपल्याकडे हळद ही चिनी वैद्यकांतही औषध म्हणूनच गणली जाते. सांगलीजवळ हरिपूर येथें ती जमिनींतील पेवांत भरीत. बंद पेवांत प्राणवायु उरत नाहीं, म्हणून किडा जगत नाहीं. चीनमधील आजच्या कोठारांत नायट्रोजन भरून हेंच साधतात.

घरच्या थोड्या मालास मात्र पुढील रीत पुरे. मूळ वांकविलें असतां कट्कन मोडेल इतकें वाळवावें. सुवासिक द्रव्य सावलींतच वाळवावें. उन्हांतून काढलेला माल निवल्यावरच भरावा. गरम भरल्यास तो आंतल्या आंत घामेजतो व आपणच ओल कोंडतों. घट्ट झांकणाची कांचेची बरणी घ्यावी, तींत एकाच जिनसाचा थोडा माल भरावा, आणि ती खालच्या मजल्यावरील अंधाऱ्या खोलींत भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी. तेथील औषधिकोशांत थंड जागा म्हणजे 20 अंशांच्या आंतील असें मानलें आहे. आपल्या वैशाखांत तें कोठून साधणार? म्हणून महागाचें औषध शीतकपाटांत ठेवावें. मात्र बाहेर काढल्याबरोबर बरणी उघडूं नये. ती तास-दोन तास तशीच राहूं द्यावी; नाहींतर बाहेरच्या दमट हवेचें पाणी होऊन थंड मुळांवर बसतें, आणि वाळविण्याचे सारे श्रम पाण्यांत जातात.