यादी पोचली, मथळा गळला

सी शार्पमध्ये ‘बिल’ नावाचा क्लास लिहिला. तो लिस्ट इन्हेरिट करतो, म्हणून मालाच्या ओळी त्यात थेट बसतात. वर ग्राहकाचं नाव आणि तारीख अशा दोन प्रॉपर्टी आपण जोडल्या. डीबगरमध्ये सगळं जागच्या जागी. जेसन काढलं, तर ओळी आल्या आणि नाव-तारीख गायब. एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही.

‘लायब्ररीत बग आहे’ हा पहिला संशय. बग नाही. जेसनमध्ये रचना दोनच: महिरपी कंसातलं ऑब्जेक्ट, जिथे प्रत्येक मूल्याला नाव असतं, आणि चौकटी कंसातला अ‍ॅरे, जिथे फक्त क्रम असतो. अ‍ॅरेत ‘ग्राहक’ हा शब्द लिहायला जागाच नाही. आणि लिस्टचा वंशज दिसला की न्यूटनसॉफ्टचं जेसन डॉट नेट अ‍ॅरेच लिहितं. 2019 मध्ये डॉट नेट कोअर 3.0 बरोबर आलेलं सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसनही तेच करतं, जावातलं जॅक्सनही. जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेला एखादी प्रॉपर्टी चिकटवून पाहा. स्ट्रिंगिफाय तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मग कुणीतरी सुचवतं, प्रॉपर्टीवर ‘जेसनप्रॉपर्टी’ अ‍ॅट्रिब्यूट लाव. उपयोग शून्य. अ‍ॅरे की ऑब्जेक्ट, हा निकाल क्लास पाहूनच लागतो. प्रॉपर्टींची चौकशी त्यानंतर, आणि तीही ऑब्जेक्ट ठरलं तरच.

खरी गंमत पुढे आहे. जेसन डॉट नेटमध्ये अख्ख्या क्लासवर ‘जेसनऑब्जेक्ट’ अ‍ॅट्रिब्यूट लावलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. नाव-तारीख येतात खऱ्या, पण आता ओळी गेलेल्या असतात! शिवाय न मागितलेले ‘काउंट’ आणि ‘कपॅसिटी’ येऊन बसतात. कारण साधं आहे: ओळी म्हणजे कुठली प्रॉपर्टी नव्हे, त्या लूप फिरवल्यावरच हाती लागतात. त्यांच्यासाठी वेगळी प्रॉपर्टी द्यावी लागते, आणि तिथे घाईघाईत स्वतःलाच परत केलं तर लायब्ररी स्वतःभोवतीच फिरण्याची तक्रार करून थांबते. ओळींची वेगळी लिस्ट करून द्या, म्हणजे सुटतं.

पायथॉनवाले म्हणतात, आमच्याकडे ‘डिफॉल्ट’ फंक्शन आहे. ते फक्त अनोळखी वस्तूंसाठी. लिस्टचा सबक्लास हा एन्कोडरच्या लेखी लिस्टच, त्यामुळे ते फंक्शन बोलावलंच जात नाही.

‘पण पूर्वी चालत होतं!’ हे मात्र खोटं नाही. डॉट नेटचा जुना बायनरीफॉरमॅटर वस्तूची आतली फील्डं लिहायचा, म्हणून काही सांडत नसे. सुरक्षेच्या कारणावरून 2024 च्या डॉट नेट 9 मध्ये त्याची अंमलबजावणीच काढून टाकली. तिथून जेसनकडे येणाऱ्या जुन्या प्रोजेक्टांना ही ठेच हमखास लागते. मात्र एक्सएमएलसिरियलायझर तेव्हाही अशा प्रॉपर्टी गाळायचाच.

माझं मत विचाराल तर बिल ही लिस्ट नव्हे. बिलात लिस्ट असते. इन्हेरिटन्स सोडा, आत ‘ओळी’ नावाची प्रॉपर्टी ठेवा, की कुठलीही लायब्ररी सरळ वागते. चार ठिकाणचे लूप बदलावे लागतील, तेवढं सोसावं. फक्त डिस्कवर आधीच साठलेल्या फायली अ‍ॅरेच्या रूपात आहेत, नवा क्लास त्या वाचायला नकार देईल. त्यासाठी छोटा कन्व्हर्टर लिहा: पहिलं चिन्ह चौकटी कंस निघालं, तर ते जुनं बिल समजून फक्त ओळी भरायच्या.